टुर्मलीनची पारख: आधी दिशा, मग रंग, शेवटी खाण

१७७७ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिला फळाच्या आकारात घडवलेला एक मोठा लाल खडा भेट दिला. ‘सीझरचे माणिक’ या नावाने तो ओळखला जाई आणि दीर्घकाळ सगळे त्याला माणिकच समजत होते. तपासणीत मात्र तो लाल टुर्मलीन निघाला. ब्राझीलमध्ये सोळाव्या शतकात युरोपीय लोकांच्या हाती लागलेले हिरवे टुर्मलीनही असेच पाचू म्हणून गणले गेले. या रत्नाच्या नावातच ही गफलत दडलेली आहे. ‘टुर्मलीन’ हा शब्द सिंहली भाषेतील ‘तोरमल्ली’वरून आला, आणि श्रीलंकेतील व्यापारी तो नेमकी ओळख न पटलेल्या, नाना रंगांच्या सरमिसळ खड्यांसाठी वापरत असत. मराठी शास्त्रीय लेखनात या खनिजाला आजही तोरमल्लीच म्हणतात.

टुर्मलीन घेणाऱ्याला रंगाचीच ओढ असते, पण ओळखीचा पुरावा म्हणून रंग सर्वांत दुबळा ठरतो. म्हणून या लेखातील क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी स्फटिकाची घडण आणि दिशा, मग भिंग आणि मोजमाप, त्यानंतर रंग, आणि सर्वांत शेवटी उगम. बहुतेक फसगती हा क्रम मोडल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे.

टुर्मलीन म्हणजे नेमके काय

टुर्मलीन हे एकच खनिज नसून बोरॉनयुक्त सिलिकेट खनिजांचा एक मोठा गट आहे. या सर्वांची अणुरचना एकाच साच्याची असते. त्या साच्यातील ठरावीक जागांवर सोडियम, कॅल्शियम, लिथियम, मॅग्नेशियम, लोह, मॅंगनीज, ॲल्युमिनियम यांपैकी कोण बसले आहे, यावरून त्याची जात ठरते. रत्न म्हणून सर्वांत महत्त्वाची जात एल्बाइट. इटलीच्या एल्बा बेटावरून तिचे नाव पडले आणि तिच्यात लिथियम असते. लोहयुक्त काळा शोर्ल निसर्गात सर्वांत जास्त आढळतो. तपकिरी ड्रॅव्हाइट मॅग्नेशियमयुक्त असून त्याचे नाव मध्य युरोपातील द्रावा नदीवरून आले आहे, तर युव्हाइटचे नाव श्रीलंकेच्या उवा प्रांतावरून. कॅल्शियम आणि लिथियम असलेल्या लिडिकोटाइटला १९७७ मध्ये रत्नशास्त्रज्ञ रिचर्ड लिडिकोट यांचे नाव देण्यात आले.

रुबेलाइट, इंडिकोलाइट ही बाजारात ऐकू येणारी नावे मात्र जातींची नसून रंगांची आहेत. लाल रुबेलाइट आणि निळा इंडिकोलाइट हे दोन्ही बहुधा एल्बाइटच असतात. जात आणि रंगनाम यांतला हा फरक एकदा मनात पक्का झाला की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

पहिली पायरी: कच्चा स्फटिक पाहणे

पैलू न पाडलेला टुर्मलीन हाती आला तर ओळख तुलनेने सोपी असते. स्फटिक बहुधा लांबट दांडीसारखा असतो आणि त्याचा आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसतो. अंगावर लांबीच्या दिशेने दाट रेषा असतात. नख आडवे फिरवले तर त्या कंगव्याच्या दातांसारख्या जाणवतात. क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, स्फटिकावरच्या रेषा दांडीला आडव्या जातात, तर बेरिलचा, म्हणजे पाचू ज्याचा एक प्रकार आहे त्या खनिजाचा, छेद नीटस षट्कोनी असतो. पुष्कराजावरही उभ्या रेषा असतात, पण त्याचा छेद शंकरपाळ्यासारखा चौकोनी असतो आणि तो दांडीला आडवा, सपाट व गुळगुळीत तुटतो. टुर्मलीन असा सपाट तुटत नाही. त्याचा भंग खडबडीत किंवा शंखाच्या आतल्या बाजूसारखा वळणदार असतो.

स्फटिकाची दोन्ही टोके शाबूत असतील तर ती नीट ताडून पाहावीत. टुर्मलीनच्या दोन टोकांची ठेवण सहसा सारखी नसते. ही विषमता केवळ आकारापुरती नसून अणुरचनेपर्यंत पोहोचलेली आहे, आणि तिच्यामुळेच तापवले किंवा दाबले असता या स्फटिकाच्या टोकांवर विरुद्ध विद्युतभार जमा होतो. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी हे खडे युरोपात नेले, तेव्हा तापवलेला खडा राख ओढतो हे लक्षात आले आणि डच भाषेत त्याला ‘राख ओढणारा’ असे नाव पडले. त्यामागे वीज आहे हे १७५६ मध्ये एपिनस या शास्त्रज्ञाने दाखवले. पुढे १८८० मध्ये प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी दाबामुळे निर्माण होणाऱ्या विजेचा शोध लावला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत टुर्मलीन होता. ओळख पटवण्यासाठी घरी खडा तापवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. एकाएकी बसलेल्या उष्णतेने खड्याला चीर पडू शकते, आणि कागदाचे कपटे तर घासलेले प्लास्टिकही ओढते.

दुसरी पायरी: खडा फिरवून पाहणे

मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिला उपकरणही लागत नाही. बोटाच्या पेराएवढी हिरवी टुर्मलीनची दांडी खिडकीतल्या उजेडात आडवी धरावी. तिच्यातून बाटलीच्या काचेसारखा स्वच्छ हिरवा प्रकाश येतो. आता तीच दांडी फिरवून तिचे टोक डोळ्यासमोर आणावे आणि लांबीच्या दिशेने आरपार पाहावे. रंग दाट होत होत काळपट होतो; काही स्फटिकांत तर प्रकाश जवळजवळ थांबतोच. दांडी तीच, उजेड तोच, बदलली ती फक्त पाहण्याची दिशा.

याचे कारण असे, की टुर्मलीनमध्ये शिरलेला प्रकाश दोन किरणांत विभागला जातो आणि दोन्ही किरण सारख्या प्रमाणात शोषले जात नाहीत. स्फटिकाच्या मुख्य अक्षाला, म्हणजे दांडीच्या लांबीला, काटकोनात कंप पावणारा प्रकाश जास्त शोषला जातो. अक्षाच्या दिशेने पाहताना डोळ्यापर्यंत येणारा सगळा प्रकाश याच प्रकारचा असतो, म्हणून तिकडून खडा गडद दिसतो. या गुणधर्माला बहुवर्णिकता म्हणतात. एके काळी अक्षाला समांतर कापलेल्या टुर्मलीनच्या दोन पातळ चकत्या एका चिमट्यात बसवून ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश तपासण्याचे उपकरण बनवीत असत. चकत्या एका दिशेत ठेवल्या की प्रकाश आरपार जाई, आणि एक चकती काटकोनात फिरवली की अंधार होई.

पैलू पाडलेल्या खड्यातही ही परीक्षा करता येते. डायक्रोस्कोप या छोट्या नळीत खड्याचे दोन रंग शेजारी शेजारी दिसतात: हिरव्या खड्यात फिकट आणि गडद हिरवा, किंवा पिवळसर आणि निळसर हिरवा, गुलाबी खड्यात फिकट आणि गडद गुलाबी. डायक्रोस्कोप नसेल तर पोलरॉइड चष्म्याची काच खड्यासमोर धरून हळूहळू फिरवावी. रंग ठळकपणे बदलत असेल तर ती टुर्मलीनची चांगली खूण आहे. अक्षाच्या दिशेने हा बदल दिसत नाही, म्हणून खडा किमान तीन बाजूंनी तपासावा. काच आणि स्पिनेल हे रत्नखनिज यांत कोणत्याही बाजूने दोन रंग दिसत नाहीत, त्यामुळे एवढ्या एका परीक्षेत पुष्कळशा नकला गळून पडतात.

पैलू पाडणाऱ्याचे सगळे गणितही याच गुणधर्मावर चालते. गडद स्फटिकात खड्याचा वरचा सपाट पैलू दांडीच्या लांबीला समांतर ठेवतात आणि टोकांकडचे पैलू बरेच उभे घेतात, म्हणजे लांबीच्या दिशेचा काळपट प्रकाश वर परतत नाही. फिकट स्फटिकात याच्या उलट करतात आणि अक्षाच्या दिशेचा दाट रंग समोर आणतात. टुर्मलीनचे इतके खडे लांबट आयताकृती का असतात, याचे उत्तर काही अंशी दांडीच्या आकारात आणि काही अंशी या प्रकाशात आहे. लांबट हिरवा खडा विकत घेताना त्याच्या दोन्ही टोकांकडे मुद्दाम पाहावे. तिथे काळे पट्टे दिसत असतील तर स्फटिकाची दिशा चुकली आहे किंवा वजन वाचवण्यासाठी पैलू बसके ठेवले आहेत, असे समजावे.

तिसरी पायरी: भिंग

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन वरच्या पैलूतून खड्याच्या तळाकडे पाहावे. टुर्मलीनमध्ये समोरच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, जणू एकाच रेघेशेजारी तिची सावली उमटली आहे. इथेही दिशा बदलून पाहणे आवश्यक आहे, कारण अक्षाच्या दिशेने कडा एकेरीच दिसतात.

खड्याच्या आत केसासारखे वेडेवाकडे, द्रवाने भरलेले धागे, लांबीला समांतर बारीक नळ्या आणि आरशासारख्या चमकणाऱ्या सपाट चिरा आढळतात. समांतर नळ्या दाट असतील आणि खडा घुमटाकार घडवला असेल तर त्यावर मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशाची रेघ उमटते. गोल बुडबुडे दिसले तर मात्र काचेचा संशय घ्यावा. हिरवे टुर्मलीन पुष्कळदा आतून स्वच्छ मिळते, तर लाल टुर्मलीनमध्ये डोळ्यांना दिसणारे दोष असणे सर्वसाधारण आहे. मोठा, गडद आणि पूर्णपणे निर्मळ लाल खडा स्वस्तात मिळत असेल तर आनंदाच्या आधी शंका यायला हवी.

चौथी पायरी: मोजमाप

खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा म्हणजे वक्रीभवनांक; तो मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर टुर्मलीनचे दोन किरणांचे दोन वक्रीभवनांक साधारण १.६२४ आणि १.६४४ येतात, दोन्हींतला फरक सुमारे ०.०१८ ते ०.०२० असतो. पुष्कराज, ॲपेटाइट आणि अँडालुसाइट यांचे आकडे याच पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी जवळ पडतात, म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबून चालत नाही. खरी उकल त्या फरकात आहे: पुष्कराजात तो ०.०१० च्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि ॲपेटाइटात त्याहूनही कमी असतो. माणिकाचे वाचन १.७६ च्या वर जाते आणि पाचूचे १.६० च्या खाली राहते, त्यामुळे त्यांच्याशी होणारा गोंधळ इथेच मिटतो.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे, हे काढण्यासाठी सुटा खडा आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावा. समजा, हवेत वजन ४.५९ कॅरट आणि पाण्यात ३.०९ कॅरट भरले. फरक १.५० कॅरट, ४.५९ ला १.५० ने भागले की ३.०६ येते, आणि ते टुर्मलीनला जुळते. त्याच आकाराचा पुष्कराज ३.५३ च्या आसपास येईल. खडा फार लहान असेल किंवा त्याला पाण्यात हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हे गणित चुकते, म्हणून बुडबुडे कुंचल्याने काढून टाकावेत.

रत्नाच्या दर्जाचे कृत्रिम टुर्मलीन व्यापारी प्रमाणावर तयार होत नाही. ‘सिंथेटिक टुर्मलीन’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा रंगीत कृत्रिम स्पिनेल, कृत्रिम क्वार्ट्झ किंवा काच असते आणि वरील मोजमापांत उघडे पडते.

रंग आणि त्यांची कारणे

आता रंगाकडे वळता येईल. गुलाबी आणि लाल रंग मॅंगनीजमुळे येतो, आणि त्यात खडकातील नैसर्गिक किरणोत्साराचाही वाटा असतो. रुबेलाइट हे नाव कोणत्या छटेपासून लावायचे याची काटेकोर सीमा नाही. व्यापारातील जुना निकष असा, की दिवसाच्या आणि पिवळ्या दिव्याच्या अशा दोन्ही उजेडांत खडा लालच राहिला पाहिजे, तपकिरी पडता कामा नये. मला हा निकष वाजवी वाटतो, म्हणून लाल खडा एकाच दिव्याखाली कधीही पसंत करू नये.

नेहमीचा हिरवा आणि निळा रंग लोहाचा. इंडिकोलाइटमध्ये शुद्ध निळा क्वचितच मिळतो; बहुधा त्यात हिरवट किंवा करडी झाक असते आणि लांबीच्या दिशेने तो फार गडद होतो. पूर्व आफ्रिकेतील तथाकथित क्रोम टुर्मलीनचा गर्द हिरवा रंग मात्र व्हॅनेडियम आणि क्रोमियममुळे येतो. त्याची जात एल्बाइट नसून ड्रॅव्हाइट-युव्हाइटच्या कुळातली आहे. झळाळत्या पिवळ्या ‘कॅनरी’ छटेमागे मॅंगनीज आणि टायटॅनियम असतात. रंगहीन टुर्मलीनला ॲक्रोइट म्हणतात, आणि ते दुर्मीळ असले तरी त्याला फारशी मागणी नसते.

एकाच स्फटिकात दोन-तीन रंग का येतात, हे समजण्यासाठी पेग्माटाइट या मोठ्या स्फटिकांच्या अग्निज खडकाकडे जावे लागते. खोल जमिनीखाली शिलारस थिजत असताना बोरॉन, लिथियम यांसारखी इतर खनिजांत सहज न सामावणारी मूलद्रव्ये उरलेल्या द्रवात साठत जातात. शेवटी खडकातील पोकळ्यांत हा द्रव उरतो आणि त्यातून एल्बाइटच्या दांड्या वाढतात. वाढ चालू असताना द्रवातील लोह किंवा मॅंगनीज यांचे प्रमाण बदलले की त्या क्षणापासून पुढच्या थराचा रंग बदलतो. लांबीच्या दिशेने असा बदल झाला तर दुरंगी दांडी मिळते. बाहेरच्या बाजूने झाला तर गुलाबी गाभ्याभोवती हिरवी कड येते, आणि आडवी चकती कापली की कलिंगडाची फोडच हाती येते. मादागास्करच्या लिडिकोटाइटच्या चकत्यांत तर एकात एक बसलेले त्रिकोण आणि तीन आऱ्यांची नक्षी दिसते. वाढीचा सारा इतिहास तिथे थराथराने वाचता येतो. दुरंगी खडा घेताना दोन रंगांच्या सीमेवर भिंग अवश्य फिरवावे, कारण तिथे ताण असतो आणि चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

उगमस्थाने आणि पाराइबाचा प्रश्न

ब्राझीलमधील मिनास जेराइस हे राज्य हिरव्या, गुलाबी आणि निळ्या एल्बाइटचे जुने आणि मोठे क्षेत्र आहे. अफगाणिस्तानातील नुरिस्तान आणि कुनार येथून गुलाबी, हिरवट-निळे आणि दुरंगी स्फटिक येतात. नामिबिया, नायजेरिया, मोझांबिक, मादागास्कर आणि काँगो हे आफ्रिकेतील महत्त्वाचे देश; पिवळ्या कॅनरीसाठी झांबिया, आणि क्रोम टुर्मलीनसाठी टांझानिया व केनिया प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत मेन राज्यातील माउंट मायका येथे १८२० मध्ये रंगीत टुर्मलीन सापडले. कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो परगण्यातील पाला आणि मेसा ग्रांदे येथील गुलाबी टुर्मलीन चीनच्या राजमाता त्सशी यांना अतिशय प्रिय होते आणि मोठा माल चीनकडे जात असे. छिंग राजवट कोसळली तशी ही मागणी आटली आणि तिच्या जिवावर चालणाऱ्या खाणी थंडावल्या.

पाराइबाचा विचार वेगळाच करावा लागतो. ब्राझीलच्या पाराइबा राज्यातील साओ जोझे दा बातालिया येथे एतोर दिमास बार्बोझा यांनी १९८०च्या दशकात अनेक वर्षे चिकाटीने खोदकाम केले, आणि दशक संपता संपता तिथून विजेच्या ठिणगीसारखा निळा-हिरवा टुर्मलीन बाहेर आला. या रंगाचे कारण तांबे आहे. पुढे नायजेरिया आणि मोझांबिक येथेही तांबेयुक्त टुर्मलीन सापडले आणि नावाचा प्रश्न उभा राहिला. २००६ मध्ये रत्नप्रयोगशाळांच्या समन्वय समितीने असे ठरवले, की तांबे आणि मॅंगनीज यांमुळे रंग आलेल्या अशा निळ्या ते हिरव्या टुर्मलीनला, तो कोणत्याही देशातला असला तरी, प्रकारनाम म्हणून ‘पाराइबा’ म्हणता येईल. म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘पाराइबा’ असे लिहिले आहे, एवढ्यावरून खडा ब्राझीलचा ठरत नाही. उगमाची ओळ वेगळी असते आणि ती वेगळीच वाचावी. मोझांबिकचे खडे सहसा आकाराने मोठे आणि अधिक निर्मळ असतात, ब्राझीलचे लहान आणि रंगाने तीव्र. पण ही केवळ सर्वसाधारण चाल आहे. निर्णय देण्यासाठी प्रयोगशाळेला अतिसूक्ष्म प्रमाणातील मूलद्रव्ये मोजावी लागतात. डोळ्यांनी पाहून खाण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून जादा किंमत मोजू नये.

प्रक्रिया आणि अहवाल

टुर्मलीन तापवून गडद हिरवा किंवा निळा रंग उजळता येतो. तांबेयुक्त जांभळट खड्यांतील जांभळी झाक उष्णतेने जाऊन निळा रंग उरतो. फिकट गुलाबी खड्यांना किरणोत्साराने गडद केले जाते. या दोन्ही प्रक्रिया बहुतेक वेळा प्रयोगशाळेतही ओळखता येत नाहीत, म्हणून ‘तापवलेला नाही’ अशा तोंडी हमीला फारसा अर्थ नाही. चिरांमध्ये तेल किंवा राळ भरणे ही तिसरी प्रक्रिया लाल आणि पाराइबा खड्यांत आढळते, आणि ती मात्र ओळखता येते. भिंगाखाली खडा हलवताना चिरेतून निळी किंवा केशरी चमक येते का, हे पाहावे. भरलेला खडा टिकायला कमकुवत असतो, त्यामुळे हा खुलासा लेखी मागणे हा ग्राहकाचा हक्कच आहे.

अहवाल हाती आला की आधी खनिजाचे नाव, मग रंगनाम, मग प्रक्रिया आणि शेवटी उगम अशा क्रमाने तो वाचावा, आणि वजन व मापे आपल्या खड्याशी ताडून पाहावीत. उगमाचा रकाना रिकामा असेल तर तो तपासलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जपणूक

टुर्मलीनची कठिनता ७ ते ७.५ आहे. रोजच्या वापराला ती पुरते, पण तापमानातील अचानक बदल आणि जोराचा आघात त्याला सोसत नाही. अल्ट्रासोनिक यंत्र आणि वाफेची सफाई दोन्ही टाळावीत. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. दागिना दुरुस्तीला देताना ज्योत लावण्याआधी खडा कोंदणातून काढायला सांगावे.

दिव्याखाली मांडून ठेवलेल्या टुर्मलीनवर शेजारच्या रत्नांपेक्षा जास्त धूळ दिसली तर नवल वाटू नये. दिव्याच्या उष्णतेने त्यावर विद्युतभार येतो आणि डच लोकांनी पाहिलेल्या राखेप्रमाणेच तो धूळ ओढतो. ही धूळ कोरड्या कापडाने घासून पुसू नये. तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिनता ७ असते, आणि त्या घर्षणाने पैलूंच्या कडा हळूहळू बोथट होतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच मऊ कापडाने खडा टिपून घ्यावा.